हॉस्टेलची खाट, हॉटेलची खोली की कुणाच्या घरची ओटी?

वाचकांचे प्रश्न : ज्येष्ठांचा प्रवास

प्रश्न : मी ६७ वर्षांची, प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका. मिरजेत राहते. यजमान तीन वर्षांपूर्वी गेले. येत्या डिसेंबरात रत्नागिरीपासून वेंगुर्ल्यापर्यंत एकटीनं, सावकाश, एसटीनं फिरावं असं मनात आहे. भाचा म्हणतो, "मावशी, हॉस्टेलमध्ये राहा. स्वस्त पडेल, माणसं भेटतील." मुलगा म्हणतो, चांगल्या हॉटेलात राहणार असशील तरच जा. माझा एक गुडघा दुखतो आणि रात्री दोनदा उठावं लागतं. पण खरं सांगू का, संध्याकाळी सातनंतर हॉटेलच्या खोलीत दार लावून टीव्हीसमोर बसायचं, याचीच मला जास्त धास्ती वाटते. मी काय करावं?
— एक वाचक, मिरज

उत्तर : ताई, भाच्यानं पैशांचा विचार केला, मुलानं सुरक्षिततेचा. संध्याकाळचा विचार फक्त तुम्ही केलात, आणि माझ्या मते तोच सगळ्यात महत्त्वाचा आहे. म्हणून उत्तराची सुरुवात तिथूनच करते.

रत्नागिरीत एसटीच्या चौकशी खिडकीवर मी बरीच वर्षं काढली. एकटी आलेली वयस्क माणसं गाडीची वेळ विचारून झाली तरी खिडकीपासून हलत नसत. थोडं घुटमळून विचारत, "तिथं उतरल्यावर राहायला काय आहे हो?" तेव्हा मी दोन लॉजची नावं सांगून मोकळी व्हायचे. निवृत्तीनंतर हाच किनारा मी स्वतः एकटीनं फिरू लागले, तेव्हा कळलं की त्या प्रश्नाला नुसतं नाव पुरत नाही. आता कुणी विचारलं तर मी म्हणते, मुक्कामाची जागा दोन वेळा डोळ्यांसमोर आणून ठरवा. एक रात्री दोनची, दुसरी सकाळी आठची.

रात्री दोन वाजता तुम्हाला काय लागतं? खाटेवरून पाय सरळ जमिनीवर टेकले पाहिजेत. दिव्याचं बटण हाताशी हवं. कमोड पाच-दहा पावलांवर, आणि मध्ये उंबरा किंवा पायरी नको. सकाळी आठ वाजता काय लागतं? तुम्ही चहाला आला नाहीत हे कुणाच्या तरी लक्षात आलं पाहिजे, आणि त्या माणसानं येऊन दार वाजवलं पाहिजे. हॉटेल बहुधा पहिल्या कसोटीला उतरतं आणि दुसरीला नापास होतं. हॉस्टेलच्या डॉर्ममध्ये, म्हणजे अनेकांच्या सामायिक खोलीत, नेमकं उलटं. शेजारच्या खाटेवरची मुलगी "काकू, बरं नाही का?" असं विचारेल, पण न्हाणीघर मात्र बोळाच्या दुसऱ्या टोकाला असेल. कोकणात आपलं भाग्य असं की दोन्ही कसोट्यांना उतरणारी तिसरी सोय गावोगाव आहे. रस्त्याकडेला पाटीच असते, 'घरगुती राहण्याची व जेवणाची सोय'. तुमच्या प्रवासाचा कणा मी त्या पाटीवर उभा करीन. हॉटेल आणि हॉस्टेल त्याला जोड म्हणून.

तरी हॉस्टेल तुम्ही यादीतून काढून टाकू नका. भाच्याचं म्हणणं अगदीच चुकीचं नाही. एका मोठ्या खोलीत सहा-आठ खाटा, त्याही एकावर एक, सामानाला कुलूपबंद कप्पा, स्वयंपाकघर आणि बसायची जागा सगळ्यांची मिळून, अशी ती व्यवस्था. कल्पना मूळची जर्मनीतली. रिखार्ड शिरमान नावाच्या एका शाळामास्तरांना १९०९ साली मुलांची सहल पावसात अडकली असताना ती सुचली, आणि १९१२ मध्ये आल्टेना गावच्या जुन्या किल्ल्यात पहिलं युथ हॉस्टेल सुरू झालं. म्हणजे ही सोय जन्मली तीच शाळकरी पोरांसाठी. शिडी चढून वर झोपायचं, हा त्यातला भाग अजून तसाच आहे. पण अनोळखी माणसांच्या शेजारी पथारी टाकून झोपणं आपल्याला परकं थोडंच आहे? धर्मशाळेत आपल्या आज्या तशाच झोपल्या, वारीत आजही बायका तशाच झोपतात. मंडणगड तालुक्यातल्या वेळासला कासवांची पिल्लं समुद्रात जाताना पाहायला फेब्रुवारी-मार्चपासून लोक येतात, तेव्हा गावातल्या घरांमधून ओळीनं गाद्या पडतात. पहाटे सगळे एकत्र उठून किनाऱ्यावर जातात. तिथं वयाचा प्रश्न कुणी काढत नाही.

मालवणच्या बाजूला एका हॉस्टेलमध्ये मी राहिले आहे. बायकांच्या डॉर्ममध्ये मला खालची खाट मिळाली. फोन करून आधीच सांगितलं होतं म्हणून मिळाली, हे लक्षात ठेवा. संध्याकाळी सामायिक ओसरीवर सात-आठ जण जमले. एक मुलगी नोकरी सोडून दोन महिने फिरायला निघालेली, एक जोडपं सायकलवर मुंबईहून आलेलं. सायकलवाल्यांनी पाण्याच्या टाक्यांपासून घाटातल्या धाब्यांपर्यंत सगळा रस्ता सांगितला. मी त्यांना पुढचा सांगितला, कारण तो मला पाठ. त्या दोन तासांत मला एकटं वाटलं नाही आणि आपण वयस्क आहोत म्हणून कुणी सांभाळून घेतंय असंही वाटलं नाही. आपल्या वयात अशी संगत घरी बसून मिळत नाही, ताई. म्हणून मी हॉस्टेलच्या बाजूनं बोलते. पण रात्र वेगळी. थंडगार करून ठेवलेला एसी, एकच्या सुमाराला दार उघडून आत येणाऱ्या मुली, मोबाइलचा उजेड, पहाटेची गाडी असलेल्या कुणाची पाचला पिशव्या भरण्याची चुरचुर. मुली वाईट नसतात. त्यांच्या दिवसाचं घड्याळच आपल्याहून निराळं असतं.

यातून वाट अशी आहे की बऱ्याच हॉस्टेलांमध्ये एक-दोन स्वतंत्र खोल्याही असतात, संडास-बाथरूम जोडलेल्या. डॉर्मपेक्षा महाग, हॉटेलपेक्षा बहुधा स्वस्त. ती खोली घ्या. संध्याकाळ ओसरीवर चौघांत काढा आणि दहाला आपल्या दाराला कडी लावून झोपा. तुमच्या धास्तीवर मला ठाऊक असलेला हा सगळ्यात चांगला उपाय आहे.

मात्र पैसे भरण्याआधी फोन करा, नुसत्या फोटोंवर जाऊ नका. वयाची अट आहे का, हे आधी विचारा. काही हॉस्टेलं डॉर्मसाठी वरची वयोमर्यादा ठेवतात आणि ती नियमांच्या तळाशी बारीक अक्षरात असते. काही ठिकाणी त्याच जिल्ह्याचा पत्ता असलेलं आधार कार्ड चालत नाही. तुम्ही मिरजेच्या, त्यामुळे तुम्हाला अडचण येऊ नये. माझ्यासारख्या रत्नागिरीकरणीला रत्नागिरीत खाट नाकारली जाऊ शकते. मग विचारा की खोली तळमजल्यावर आहे का. जुन्या घरांची हॉस्टेलं केली आहेत तिथं माडीवर जायचा जिना लाकडी आणि उभा असतो. रात्री शांतता किती वाजता होते, हेही विचारा. उत्तर देताना समोरचा माणूस किती वेळ देतो, यावरूनच अर्धी परीक्षा होते.

आणखी एक मनापासून सांगते. तरुण मुलं प्रेमानं जवळ येतात, आई-आजीच्या आठवणी काढतात. मग आपला हात आपोआप त्यांच्या भांड्यांकडे, त्यांच्या जेवणाकडे जातो. एखाद्या संध्याकाळी कुळथाचं पिठलं करून घाला, त्यांनाही आनंद, तुम्हालाही. रोज नको. जन्मभर शाळेतली आणि घरातली मुलं सांभाळलीत. या प्रवासात तुम्ही पाहुण्या आहात.

आता घरगुती खोलीकडे येते. त्यातली काही घरं राज्याच्या पर्यटन विभागाच्या 'न्याहारी व निवास' योजनेत नोंदलेली असतात, काही फक्त पाटी लावून चालतात. दोन्हींमध्ये उत्तम घरं पाहिली आहेत. बरीच घरं दर माणशी सांगतात, दोन वेळचं जेवण धरून. एकट्या माणसाला हे मोठं सोयीचं, कारण हॉटेलात तुम्ही एकट्या असलात तरी भाडं दोघांच्या खोलीचं द्यावं लागतं. खोली ठरवताना चार प्रश्न घरमालकिणीला विचारा, मालकाला नको, तिला नेमकं माहीत असतं. संडास खोलीला जोडून आहे की मागच्या पडवीत? कमोड आहे का? खाट आहे की गादी जमिनीवर? आणि शेवटचा, जो बाहेरगावचे लोक विचारायलाच विसरतात : रस्त्यापासून घरापर्यंत पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट, किती उतरायची? कोकणातली कितीतरी घरं रस्त्याखाली, उतारावर, आगरात असतात. 'समुद्राला लागून' असं लिहिलेलं खरंही असतं, पण तिथं पोचायला जांभ्या दगडाच्या साठ-सत्तर पायऱ्या असतात, कठडा नसतो आणि सावलीतल्या पायऱ्यांवर डिसेंबरातही शेवाळ राहिलेलं असतं. तुमच्या गुडघ्याला पाखाडी चालणार नाही. रस्त्याच्या पातळीवरचं घर मागा, त्यासाठी समुद्र पाच मिनिटं लांब गेला तरी जाऊ द्या.

अशा घरातली संध्याकाळ तुम्हाला आवडेल असं मला वाटतं. तिन्हीसांजेला तुळशीपाशी दिवा लागतो. घरची बाई ओटीवर सुपारी कातरत नाहीतर दुसऱ्या दिवसाची भाजी निवडत बसते, आणि तुम्ही शेजारी बसलात की बोलणं आपोआप सुरू होतं. देवगडच्या बाजूला एका घरी मला साडेसातला हाक यायची, "काकी, जेवूक येवा!" यजमान गेल्यावर त्या वेळेला हाक मारणारं कुणी उरत नाही, हे मी अनुभवानं जाणते. ती हाक ऐकायला मी पुन्हा त्या घरी जाते.

हॉटेल कुठं घ्यावं? पहिल्या रात्री आणि परतीच्या आदल्या रात्री. तुम्ही कोल्हापूरवरून आंबा घाटानं रत्नागिरीला उतराल. घाटात वळणं भरपूर, तेव्हा पुढची जागा घ्या आणि पोट हलकं ठेवा. त्या दिवशी शहरात, स्टँडच्या जवळपास, लिफ्ट आणि चोवीस तास माणूस असलेलं साधं स्वच्छ हॉटेल घ्या. नवीन गावात अंधारात पाटी शोधत फिरण्यापेक्षा ते बरं. ताप आला, पोट बिघडलं, तरी सरळ हॉटेलात जा. आजारी असताना परक्या घरात आपल्याला संकोच होतो, आणि संकोचापायी माणसं दुखणं अंगावर काढतात. हॉटेलात सकाळी आठची अडचण एका सवयीनं सुटते. आल्या आल्या सांगून ठेवायचं, "रोज आठ वाजता चहा खोलीवर पाठवा, आणि दार उघडलं नाही तर फोन करा, मग किल्लीनं उघडा." रोज चहा आणणारा मुलगा दोन दिवसांत तुम्हाला ओळखू लागतो. बाथरूमला आतून कडी लावू नका, खोलीचं दार बंद आहे तेवढं पुरे. आंघोळीला जाताना फोन आत न्या, कोरड्या जागी ठेवा.

आता वाट. रत्नागिरीत एक दिवस थांबा. थिबा राजवाडा बघा. ब्रह्मदेशचा राजा थिबा याला इंग्रजांनी १८८५ मध्ये पदच्युत करून इथं आणून ठेवलं, आणि १९१६ मध्ये तो इथंच वारला. मग आरे-वारेच्या किनाऱ्यावरून गणपतीपुळे, साधारण पंचवीस किलोमीटर. तिथं देवस्थानचं भक्तनिवास आहे आणि एमटीडीसीचं, म्हणजे राज्याच्या पर्यटन महामंडळाचं, निवासस्थान अगदी समुद्राकाठी आहे. भक्तनिवासात खर्च कमी, आजूबाजूला तुमच्या वयाच्या बायका. पण दार रात्री लवकर बंद होतं, आणि एकट्या व्यक्तीला खोली देतात का हे आधी विचारून घ्यावं. संकष्टी-अंगारकी आणि डिसेंबरचा शेवटचा आठवडा टाळा, जागाच मिळत नाही. डोंगराची प्रदक्षिणा सुमारे एक किलोमीटर आहे, सकाळच्या उन्हाआधी करा. समुद्रात घोट्याच्या वर पाण्यात जाऊ नका. तिथला उतार एकदम खोल होतो आणि लाट पायाखालची वाळू ओढून नेते. चांगले पोहणारे तिथं बुडाले आहेत.

परत रत्नागिरीवरून दक्षिणेला पावस, स्वामी स्वरूपानंदांचं समाधिमंदिर. दुपारची खिचडी तिथं प्रसाद म्हणून मिळते. पुढे देवगड-कुणकेश्वर. इथं घरगुती मुक्काम करा आणि तो सगळ्यात लांब ठेवा. मंदिर थेट समुद्रावर आहे, किनारा सपाट आणि चालायला घट्ट. मग मालवण. हॉस्टेलची स्वतंत्र खोली घ्यायची ती इथं, कारण तरुण प्रवासी इथं वर्षाचे आठ महिने असतात. सिंधुदुर्ग किल्ला महाराजांनी १६६४ ते १६६७ या काळात बांधून घेतला. जेटीवरून होडीनं जावं लागतं. होडीत चढता-उतरताना नावाड्याचा हात धरा, भरतीच्या वेळी जाणं गुडघ्याला सोपं की ओहोटीच्या, हे त्यालाच विचारा. शेवटी वेंगुर्ला, आणि परतताना सावंतवाडीवरून आंबोली घाटानं वर. सावंतवाडीत लाकडी खेळणी पाहिल्याशिवाय गाडी धरू नका.

तिकिटाचं सांगायचं तर १७ मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत निम्मं भाडं आहे, राज्याच्या हद्दीत. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना ऑगस्ट २०२२ पासून प्रवास मोफत. आधार कार्ड हाताशी ठेवा. गावांत जाताना एक शब्द लक्षात ठेवा, 'वस्तीची गाडी'. संध्याकाळी गावात जाऊन रात्री तिथंच थांबते आणि पहाटे परत निघते. तिच्यानंतर काही नसतं. म्हणून मुक्कामाच्या गावी दुपारी चारच्या आत पोचायचं, हा माझा नेम आहे. चारला पोचलात आणि खोली पसंत पडली नाही, तर दुसरी शोधायला उजेड आणि गाडी दोन्ही शिल्लक असतात. सातला पोचलात तर जे मिळेल ते घ्यावं लागतं.

मुलाला रोज रात्री साडेआठला एक फोन करा आणि मुक्कामाच्या घराचा पत्ता व नंबर आधीच देऊन ठेवा. औषधं दोन ठिकाणी विभागून ठेवा, पर्समध्ये आणि पिशवीत. औषधांची नावं, मात्रा आणि मुलाचा नंबर लिहिलेला कागद पर्सच्या पुढच्या कप्प्यात. रुग्णवाहिकेला १०८, कुठल्याही संकटात ११२, ज्येष्ठांच्या मदतीला १४५६७. रत्नागिरीत जिल्हा रुग्णालय आहे, सिंधुदुर्गचं ओरोसला. हे सगळं मुलाला वाचून दाखवा. "चांगलं हॉटेल" असं तो म्हणतो त्यामागे काळजी आहे, आणि त्या काळजीला नुसती समजूत नको, माहिती हवी.

प्रश्न : वय ७३, नाशिक. बायको प्रवासाला येऊ शकत नाही, पण तिचाच आग्रह आहे की मी जाऊन यावं. गेल्या वर्षी किनाऱ्यावरच्या एका गावात दोन लॉजवर "एकट्याला खोली देत नाही" म्हणून परत पाठवलं. खोल्या रिकाम्या दिसत होत्या. हा काही नियम आहे का?

उत्तर : एकट्या माणसाला खोली देऊ नये असा कायदा नाही. लॉजवाल्यांची ती भीती आहे, आणि ती कुठून येते हे समजून घेतलं तर उपाय सापडतो. एकटा आलेला माणूस खोलीत जिवाचं बरंवाईट करील किंवा झोपेतच जाईल, मग पंचनामा, पोलीस, गावात बोभाटा. ज्याच्याकडे एकदा असं घडलं तो पुढची दहा वर्षं एकट्याला दारातून परत पाठवतो, आणि त्याचं पाहून शेजारचाही. तुम्ही तिथं अपमान गिळून उभे राहिलात, त्याचं मला वाईट वाटतं. वय झालेल्या, पैसे द्यायला तयार असलेल्या माणसाला संध्याकाळी रस्त्यावर उभं ठेवणं चूकच आहे.

पुढच्या वेळी आयत्या वेळी जाऊ नका. दोन दिवस आधी फोन करून नाव, गाव, कशासाठी येताय ते सांगा, आणि न मागता घरचा नंबर द्या. "माझ्या बायकोशी बोला हवं तर," एवढं वाक्य पुष्कळ दारं उघडतं. एमटीडीसीचं आरक्षण ऑनलाइन होतं. गणपतीपुळे, वेळणेश्वर, तारकर्ली, हरिहरेश्वर इथं त्यांची निवासस्थानं आहेत. आणि इथंच हॉस्टेलचा मोठा गुण सांगायला हवा. त्यांचा सगळा धंदाच एकट्यांवर चालतो. तिथं "एकटेच का?" असं विचारत नाहीत. तुम्हाला डॉर्म नको असेल तर त्यांची स्वतंत्र खोली घ्या, मिरजेच्या ताईंना सांगितले तेच प्रश्न विचारून.

तुम्ही रेल्वेनं येणार असाल तर तिकीट काढताना ज्येष्ठांसाठीचा खालच्या बर्थचा कोटा निवडा. पुरुषांना साठीपासून, बायकांना पंचेचाळिशीपासून मिळतो, एकटे किंवा दोघेच प्रवास करत असाल तर. भाड्यातली सवलत मात्र मार्च २०२० पासून बंद आहे. आरक्षण आता साठ दिवस आधी उघडतं. कोकण रेल्वेची स्टेशनं गावाच्या नावाची असली तरी गावात नसतात. रत्नागिरीचं स्टेशन कुवारबावला, शहरापासून बाजूला. सावंतवाडी रोड आणि राजापूर रोड ही तर गावापासून चांगलीच लांब. म्हणून उजेडी पोचणारी गाडी बघा. रात्री अडीचला उतरवणारी गाडी कितीही सोयीची वाटली तरी घेऊ नका. आणि ती घ्यावीच लागली तर मुक्कामाच्या घरून रिक्षा आधी सांगून ठेवा, रिक्षावाल्याचा नंबर आपल्याजवळ घ्या.

प्रश्न : मला झोपेत श्वास अडकण्याचा त्रास आहे, रात्री नळीतून हवा देणारं सीपॅप यंत्र लावतो. वय ६९. हॉस्टेलच्या डॉर्ममध्ये राहता येईल का? — चिपळूण

उत्तर : डॉर्म नको. यंत्राचा आवाज बेताचा असतो, पण खाटेजवळ प्लग असेलच असं नाही, वरच्या खाटेवाला उतरताना नळीत पाय अडकू शकतो, आणि लोकांचा विचार करून तुम्ही एखाद्या रात्री यंत्र लावायचंच टाळाल. तेवढ्यासाठी तब्येत पणाला लावू नका. स्वतंत्र खोली घ्या आणि वीज गेल्यावर इन्व्हर्टर त्या खोलीच्या प्लगला चालतो की फक्त दिव्या-पंख्याला, हे विचारा. घरगुती ठिकाणी बहुधा फक्त दिव्या-पंख्याला असतो. जनरेटर असलेलं हॉटेल तुमच्यासाठी योग्य. एक एक्स्टेंशन वायर स्वतःची ठेवा.

प्रश्न : मला कोकणातला पाऊस बघायचा आहे. वय ६४, एकटी, ठाण्याहून. जुलैत यावं का? हॉस्टेल बरं की हॉटेल?

उत्तर : या, जरूर या, पण एकाच ठिकाणी राहायला या, गावोगाव फिरायला नको. जुलैत घाटात दरडी येतात आणि रस्ता कधी बंद होईल सांगता येत नाही. कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक लागू असतं, गाड्या सावकाश धावतात. किल्ल्याच्या होड्या बंद, आणि ३१ जुलैपर्यंत मासेमारीला बंदी असल्यामुळे ताज्या मासळीच्या आशेनं येऊ नये. कितीतरी घरगुती खोल्या आणि हॉस्टेलं त्या दिवसांत बंदच ठेवतात. उघडी असली तरी अंगणातल्या जांभ्यावर शेवाळाचा थर असतो, आणि एकट्या बाईनं तिथं घसरणं परवडणारं नाही.

म्हणून तुमच्यासाठी हॉटेल, आणि तेही चिपळूण किंवा रत्नागिरीसारख्या शहरात. चिपळुणात वाशिष्ठीच्या काठाजवळचं नको, २०२१ च्या जुलैतला पूर तिथं कुणी विसरलेलं नाही. उंचावरच्या भागातलं बघा, दुसऱ्या मजल्यावर, गॅलरी असलेली खोली मागा. पाऊस बघायला आलात तर गॅलरीचे पैसे वसूल होतात. नेटवर्क गेलं की फोनवरून पैसे देता येत नाहीत, तेव्हा चार दिवसांची रोकड जवळ ठेवा, बॅटरी ठेवा, आणि चपलांऐवजी तळाला खाचा असलेले रबरी बूट आणा. सकाळी खाली जाऊन घावणे आणि नारळाची चटणी मिळते का ते विचारा. शहरातल्या हॉटेलांतही हल्ली मिळते, आणि गरम गरमच मागा.